स्टँड-अप कॉमेडियनवर कमी पैशांत चित्रपट करताय? या चुका टाळा

एक माइक, एक स्टूल, एखादा कॅफे आणि समोर वीस-पंचवीस माणसं. धडपडणाऱ्या कॉमेडियनची गोष्ट कमी बजेटला सोयीची वाटते ती यामुळेच. पण असे चित्रपट एडिटला अडकतात तेही याच कॅफेतल्या प्रसंगांत. घरातली भांडणं, ब्रेकअप, नोकरी सोडणं हे सगळं नीट जमलेलं असतं आणि स्टेजवर मात्र काहीच खरं वाटत नाही.

याची सुरुवात लिखाणात होते. नायक अपयशी आहे म्हणून त्याचे सगळेच विनोद टाकाऊ लिहिले जातात. मग प्रेक्षकाला वाटतं, या माणसाने हे सोडूनच द्यावं की! शेवटी हाच नायक सभागृह जिंकतो तेव्हा त्यावर कुणाचाच विश्वास बसत नाही. त्याचा विनोद थोडक्यात हुकायला हवा. समजा, ओपन माइकवर (जिथे कुणालाही स्टेजवर येऊन विनोद करून पाहता येतात) तो म्हणतो, ‘बाबांनी विचारलं, विनोद करून पोट भरतं का? मी म्हटलं, नाही, म्हणून तर घरी जेवतो.’ हशा यायला लागतो, तेवढ्यात घाबरून तो पुढे जोडतो, ‘म्हणजे मला यातून पैसे मिळत नाहीत ना, म्हणून.’ हशा तिथेच विझतो. माणसाकडे नजर आहे, पण थांबण्याचं धाडस नाही, हे एका वाक्यात कळलं. शेवटच्या प्रसंगात तोच विनोद नुसता थांबून सांगितला तरी त्याची प्रगती दिसते. माइक बिर्बिग्लियाच्या ‘स्लीपवॉक विथ मी’ (२०१२) या अमेरिकन चित्रपटात नायक उसने वाटणारे विनोद सोडून स्वतःच्या नात्याबद्दल बोलायला लागतो आणि तिथून लोक हसायला लागतात. नायक बदलला हे दाखवायला वेगळा प्रसंग लागत नाही, त्याचा सेट, म्हणजे स्टेजवरचा सलग कार्यक्रमच, ते सांगतो.

लिहिलेले सेट शूटिंगआधी खऱ्या ओपन माइकवर नटाकडून करून घ्या. वाचनात मित्र हसतात, त्यावर विसंबू नका.

आता आवाज. सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं आणि सगळ्यात कमी लक्षही इथेच असतं. नटाच्या हातातला माइक अनेकदा निव्वळ प्रॉप असतो आणि सगळा आवाज कॅमेऱ्यावरच्या माइकवर घेतलेला असतो. पंच (विनोदाची हसवणारी ओळ) आणि हशा एकाच ट्रॅकवर गेले की एडिटरचे हात बांधले जातात. त्याला पॉज वाढवता येत नाही, हशा कमीही करता येत नाही. हातातला माइक चालू ठेवा, मिक्सरमधून त्याचा थेट आवाज रेकॉर्डरवर घ्या, शर्टाला एक लेपल (कपड्यांना लावायचा छोटा माइक) लावा आणि प्रेक्षकांकडे तोंड करून दोन माइक वेगळ्या ट्रॅकवर ठेवा.

पहिला टेक पूर्ण मोकळा, खऱ्या हशासकट घ्या. त्यात कुठल्या वाक्यावर लोक किती वेळ हसले ते नोंदवा. पुढच्या टेक्समध्ये लोकांनी आवाज न करता हसायचं आणि नटाने नोंदवलेला पॉज पाळायचा. मग कॅमेरा बंद करून नुसते आवाज घ्या: मोठा हशा, दोघा-तिघांचंच हसू, अर्ध्यात तुटलेलं हसू, खोकला, खुर्ची सरकणं, ऐन पंचवर सुरू झालेलं कॉफी मशीन आणि त्याच जागेतली मिनिटभर शांतता. पडलेला सेट कानाला खरा वाटतो तो या आवाजांनी. लायब्ररीतला तयार हशा वापरू नका. पडद्यावर वीस माणसं आणि कानात दोनशे, ही फसवणूक लगेच कळते.

चित्रीकरण उरकलंय आणि हशा नाही? त्याच कॅफेत, तशाच गर्दीने, फक्त रेकॉर्डर घेऊन जा. चहा-नाश्त्याच्या खर्चात चित्रपट वाचू शकतो.

प्रेक्षकांची बाजू शेवटी शूट करणं हीही नेहमीची चूक. तोच विनोद चौथ्यांदा ऐकून कोण मनापासून हसेल? कॅमेरा आधी त्यांच्याकडे वळवा. चेहरे ताजे असताना एखाद्या खऱ्या कॉमेडियनला पटकथेबाहेरचं काहीतरी करू द्या.

लोकेशन पाहायला जाताना शूटिंगचाच कॅमेरा न्या. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे २४ फ्रेम्सवर शटर १/५० ठेवा. तरीही कॅफेतले स्वस्त एलईडी डिम केल्यावर फ्लिकर (उजेडाची लुकलुक) देऊ शकतात, म्हणून ज्या उजेडात शूट करणार त्याच उजेडात तपासा.

विनोद दुसऱ्या कॉमेडियनकडून घेतले असतील तर व्हॉट्सॲपवरच्या ‘चालेल’वर जाऊ नका. कॉपीराइट कायदा, १९५७ नुसार हक्क लेखी आणि सहीनिशीच हस्तांतरित होतात. करारात मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षं धरली जाते आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. अमेरिकेतल्या किंवा दुबईतल्या मराठी मंडळींसाठी खेळ लावायचे असतील तर हे आधीच मिटवा.

शिव्यांचा निर्णयही आधीच घ्या. सिनेमॅटोग्राफ कायद्यातल्या २०२३ च्या दुरुस्तीनंतर सेन्सॉरच्या यूए (मुलांनी पालकांच्या मार्गदर्शनाखाली पाहायच्या) प्रमाणपत्राचे ७+, १३+ आणि १६+ असे भाग झाले आहेत. ‘ए’ (फक्त प्रौढांसाठी) मिळालं तर टीव्हीसाठी बदल करून वेगळं प्रमाणपत्र घ्यावं लागतं. विनोदात मध्येच बीप आला की त्याची लय जाते, म्हणून ज्या पंचमध्ये शिवी आहे त्याचा शिवीविना एक टेक त्याच दिवशी, त्याच गर्दीसमोर घेऊन ठेवा.