जुना विज्ञानकथासंग्रह पुन्हा वाचताना
रॉबर्ट सिल्व्हरबर्ग संपादित ‘सायन्स फिक्शन हॉल ऑफ फेम’चा पहिला खंड (१९७०) घ्या. २६ कथा, सगळ्या १९६५ पूर्वीच्या, प्रसिद्धीच्या सालानुसार लावलेल्या. सलग वाचू नका, सगळ्यांची सरमिसळ होते. एका बैठकीत दोनच. आधी कथेचं साल बघा. स्टॅनली वाइनबॉमच्या १९३४ सालच्या कथेतल्या मंगळावर माणूस चक्क श्वास घेतो. मरिनर-४ यानानं काढलेली मंगळाची छायाचित्रं आली १९६५ मध्ये, म्हणून उगाच चुका काढत बसू नका. असिमोव्हच्या ‘नाइटफॉल’चा शेवट आठवत असतोच. मग कथेतल्या ग्रहाच्या सहा सूर्यांचं गणित तो कुठे-कुठे पेरतो, तिथे पेन्सिलीनं खूण करा. खरी मजा तिथे आहे. प्रस्तावना मात्र शेवटी. तिच्यात या कथा निवडण्यासाठी विज्ञानकथालेखकांनी केलेल्या मतदानाचा निकाल आहे, आणि तो आधी कळला की आपली आवड नकळत त्याच्यामागे जाते.