सायकलने कामाला जाणार असाल तर आधी पँटचं बघा

दर जूनला आमच्या नाशिकच्या सिडकोत खान्देशातली, अमळनेर, चोपडा, पारोळ्याकडची नवी तोंडं दिसायला लागतात. खोली कुठे मिळेल, डिपॉझिट किती, खानावळ कोणती बरी, हे सांगायला गल्लीत माणसांची कमी नाही. मी पँटचं सांगते. ते कोणी सांगत नाही, आणि मला ते फार महागात पडलंय. २००९ साली मी तिकडूनच इथे आले, तेव्हापासून त्रिमूर्ती चौकातून सातपूरला सायकलनेच जाते.

उजवा पाय. बाकी काही लक्षात राहिलं नाही तरी चालेल, उजवा पाय लक्षात ठेवा. चेन त्या बाजूला असते. शाळेपासून सायकल चालवलेल्या माणसालाही पँट घेताना हे आठवत नाही. गावाकडे माझ्या लेडीज सायकलला पूर्ण चेनकव्हर होतं, त्यात सलवारसुद्धा निभून जायची. इथे आल्यावर गिअरची सायकल घेतली, सेकंडहँड, चेन उघडी. त्याच महिन्यात मेनरोडला सेलमधून खाली घेर असलेली जीन्स आणली. साडेतीनशेला मिळाली, आणि तिच्यात मी उंच दिसायचे.

आयटीआय सिग्नलला हिरवा दिवा लागला, मी जोरात पायडल मारलं आणि मोहरी, म्हणजे पँटच्या पायाची खालची कड, चेनमध्ये गेली. पाय टेकवायला गेले तर पाय सुटेना. उजव्या अंगावर आपटले. मागून रिक्षांचे हॉर्न सुरूच. चहाच्या टपरीवरचे काका धावत आले, माझं बोलणं ऐकून म्हणाले, "काय व्हयनं वं माय?" नाशकात पहिल्यांदा आपली अहिराणी कानावर पडली ती अशी, रस्त्यावर पडल्या-पडल्या. काकांनी ओढाताण केली नाही. पायडल हळूहळू उलटं फिरवलं आणि कापड बोट-बोट करत बाहेर काढलं. मोहरीवर एका ओळीत दात्यांची भोकं पडली होती, कागदाला पंच मारावा तशी. मनगट मोडलं होतं. सहा आठवडे प्लास्टर. मी तेव्हा कंत्राटावर, हजेरी नाही तर पगार नाही. म्हणजे साडेतीनशेची जीन्स दीड महिन्याच्या पगाराला पडली.

तेव्हा मोहरी अरुंद घ्या. पँट घालून घोट्यापाशी चिमटीत धरा. दोन बोटांपेक्षा जास्त कापड हातात आलं तर शिंप्याकडून कमी करून घ्या, नवी असली तरी. नाहीतर उजव्या पायाची घडी घालून मोहरी घोट्याच्या वर चढवा, किंवा मोज्यात खोचा. आमचे आजोबा धोतराला क्लिप लावायचे, त्यात काय लाजायचं? रबरबँड मात्र नको, रुततो. आणि बुटाच्या नाड्या आत खोचा.

दुकानात आरशासमोर उभं राहून पँट बघतात, ते सायकलवाल्याच्या काही कामाचं नाही. ट्रायलरूममध्ये एक गुडघा कमरेपर्यंत उचला, मग खुर्चीवर बसल्यासारखं अर्धं खाली जा आणि पुढे वाका. मांडी आवळली, गुडघ्यावर कापड ताणलं, पाठ उघडी पडली, यातलं काहीही झालं तर परत ठेवा. मागून कंबर उंच हवी, विशेषतः बायकांच्या पँटला. लेबलवर ९८ टक्के कॉटन आणि २ टक्के इलास्टेन, म्हणजे ताणणारा धागा, असेल तर उत्तम. नुसतं कॉटन गुडघ्याला अडतं, आणि फार ताणणारी पातळ जीन्स मांडीच्या आतल्या बाजूने लवकर विरते.

पँट फाटते ती तिथेच, सीटवर घासून. चार शिवणी जिथे एकत्र येतात तिथे आतून बोट फिरवून बघा, जाड गाठ लागली तर ती रोज येता-जाता बोचणार. आपल्या जुन्या पायजम्याला तिथे चौकोनी तुकडा असायचा, मियानी. शिवणी एका जागी येत नसत आणि पाय मोकळा राहायचा. परदेशात सायकलसाठी म्हणून ज्या महागड्या पँटी विकतात, त्यांनाही तिथे हाच तुकडा लावलेला असतो. ओळखीचा शिंपी असेल तर साध्या जीन्सलाही लावून देतो. आधी तोंड वाकडं करतो, मग देतो.

मागच्या खिशावर चमकी, बटणं, रिबिटं असलेली घेऊ नका, सीट फाटते. जीन्सची तांब्याची रिबिटं आली ती कष्टकऱ्यांच्या पँटी टिकाव्यात म्हणून. १८७३ साली जेकब डेव्हिस नावाच्या शिंप्याला आणि लेव्ही स्ट्रॉसला त्याचं पेटंट मिळालं. पण मागच्या खिशांची रिबिटं खोगिरांवर ओरखडे काढायला लागली, तेव्हा १९३७ साली कंपनीने ती कापडाखाली झाकली. घोड्याच्या खोगिराला जमलं नाही ते आपल्या सायकलच्या सीटला कुठून जमणार?

बायकांच्या जीन्सला खिसे नावापुरते असतात. मोबाइल वर डोकावतो आणि तिसऱ्या पायडलला रस्त्यावर. मी सरळ पुरुषांच्या विभागात जाते, कंबर आत घेऊन घेते. सेल्समन बघतो, बघू दे.

पावसात जीन्स नको. खान्देशात पाऊस येतो आणि जातो, इथे तो मुक्कामाला येतो. जाड सुती कापड पाणी पिऊन जड होतं आणि खोलीतल्या दोरीवर दोन-दोन दिवस वाळत नाही. जुलै-ऑगस्टात पॉलिस्टर मिसळलेली पातळ पँट घाला आणि दुसरी कोरडी पँट कामावरच्या कपाटात ठेवा. नवी गडद निळी जीन्स पहिल्या पावसात तर मुळीच नको, रंग सीटला, कुर्त्याला, ऑफिसच्या खुर्चीला, सगळीकडे लागतो. मिठात भिजवून रंग पक्का होतो म्हणतात, होत नाही. वेगळी धुवा, दोन-चारदा.

थंडीचं मात्र खरंच सांगते. जळगाव-भुसावळचे ४५ अंश सोसलेल्या आपल्या लोकांना वाटतं, आपल्याला काय होणार. डिसेंबरात इथे पारा दहाच्या खाली उतरतो, आणि सकाळी साडेसहाला सायकलवर वारा मांड्यांनाच आधी लागतो. तेव्हा ती जाड जीन्स बाहेर काढा.

आणि एक. सायकलने कामाला जाता म्हटल्यावर आपलेच लोक विचारतील, "अजून गाडी घेतली नाही?" पहिल्या पगाराला हप्त्यावर बाइक घेणारे आपल्यात फार, मग महिनाअखेरीला उसने मागत फिरतात. नाशिककरांचं वेगळंच. २०१५ साली इथल्याच डॉक्टर महाजन बंधूंनी अमेरिका सायकलने पार केली, त्याचा इथे सगळ्यांना अभिमान, आणि असायलाच हवा. रविवारी पहाटे गंगापूर रोडला लायक्राचे तंग कपडे घातलेल्यांच्या सायकली बघा, एकेक आपल्या वर्षाच्या पगाराची. पण सोमवारी साध्या पँटीत डबा लटकवून निघालेल्या माणसाला तीच मंडळी हॉर्न मारतात. लायक्राच्या नादी लागू नका, कामावर ती घालून बसता येत नाही.

चेनचं काळं लागलं तर पाणी लावायच्या आधी कोरड्या डागावर भांड्याचा साबण चोळा, पंधरा मिनिटं ठेवा, मग धुवा. पाणी आधी लावलं तर डाग पसरतो. आणि आठवड्यातून एकदा चेनच पुसा. मी त्या साडेतीनशेच्या जीन्सच्या तुकड्याने पुसते, अजून एक अख्खा पाय शिल्लक आहे.