आधी धुवा, मग पुसा

सोलापुरात टॉवेलच्या कारखान्यात मी शिलाईला आहे. संध्याकाळपर्यंत चष्म्यावर सुताचे तंतू आणि धूळ बसते. ती कोरडी पुसू नका, पदराने तर नाहीच. धुळीचे कण काचेवर ओरखडे पाडतात. माझा पहिला चष्मा असाच गेला.

आधी नळाखाली धरा, पाणी गरम नको. भांड्यांच्या लिक्विड साबणाचा एक थेंब बोटांवर घेऊन दोन्ही बाजू हलक्या हाताने चोळा. नाकाजवळच्या पॅडच्या खाचा विसरू नका, घाम आणि तेल तिथेच साठतं. बोअरचं पाणी असेल तर लगेच मायक्रोफायबरने टिपा, नाहीतर क्षारांचे पांढरे डाग राहतात. ते कापडही धूत चला.

आणि उन्हाळ्यात चष्मा गाडीच्या डिकीत कधीच नको! इथे मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो, काचेवरचं कोटिंग तडकतं.