असईच्या देखाव्यासाठी नकली बंदूक तयार करताना या चुका टाळा

जालना जिल्ह्यातील असई येथे २३ सप्टेंबर १८०३ रोजी ईस्ट इंडिया कंपनी आणि मराठे (शिंदे-भोसले) यांच्यात झालेल्या लढाईचा देखावा उभा करताना चकमकीच्या, म्हणजे गारगोटीच्या ठिणगीने उडणाऱ्या, बंदुकीच्या नकलेवर सर्वाधिक मेहनत घेतली जाते, आणि ती बहुधा चुकीच्या दिशेने जाते. बंदूक जुनी दिसावी म्हणून मिठाच्या पाण्याने नळीला गंज आणला जातो आणि कानशीने लाकडी दस्त्यावर ओरखडे काढले जातात. संग्रहालयातील बंदूक आज दोनशे वर्षांची आहे. कंपनीच्या शिपायाच्या हातातील बंदूक मात्र त्या दिवशी रोजच्या वापरातले हत्यार होते आणि तिची नळी घासूनपुसून लखलखीत ठेवणे हा शिस्तीचा भाग होता. त्यामुळे झिजेच्या खुणा दस्त्याच्या टाचेवर, मुठीजवळ आणि गज (बार ठासण्याची सळई) जिथे आत सरकतो त्या तोंडाशी, एवढ्याच असाव्यात.

कारखान्यात नळीवर दिलेली काळी-निळी झिलई पांढऱ्या व्हिनेगरच्या फडक्याने उतरते. त्यानंतर खाण्याच्या सोड्याच्या पाण्याने नळी धुऊन लगेच कोरडी केली नाही, तर तासाभरात तांबूस डाग उमटतात. तसे झाल्यास बारीक पॉलिश पेपर फिरवून तेलाचा हात द्यावा.

लाकडावरचे चकचकीत वार्निश काढून जवसाचे तेल लावावे. आपल्या मराठवाड्यात ते सहज मिळते. दस्ता चिकट राहिला, तर थर जाड झाला आहे असे समजावे, टर्पेंटाइनने पुसून घ्यावा आणि पुढचे थर अगदी पातळ देऊन प्रत्येक थर पूर्ण वाळू द्यावा. तेलाची फडकी गोळा करून ठेवू नयेत, कारण ती आपोआप पेट घेतात. ती उघड्यावर पसरून वाळवावीत.

चौफुलीच्या खाचेचे स्क्रू विसाव्या शतकातले आहेत, म्हणून सरळ खाचेचे बसवावेत. उभ्या सिंहाचे चिन्ह कंपनीने १८०८ मध्ये स्वीकारले, तेव्हा असईच्या बंदुकीवर ते शोभत नाही. शिंद्यांच्या कवायती (युरोपीय पद्धतीने शिकवलेल्या) पलटणींतील शिपायाच्या हाती तर कंपनीचा कोणताही छाप नसलेली बंदूक द्यावी, हे मला अधिक सुरक्षित वाटते.

खरेपणाच्या हौसेपोटी नळीला रंजकाचे छिद्र (ज्यातून ठिणगीची आग आतल्या दारूपर्यंत पोचते) मात्र कधीही पाडू नये, कारण नकली बंदूक परवान्याशिवाय चालती करणे हा शस्त्र अधिनियम, १९५९ नुसार गुन्हा आहे.