बंद खोलीतला अंगाचा वास: आपला आहे का, आणि नेमका कुठून येतोय?

घरातला किंवा छोट्या ऑफिसातला स्प्लिट एसी बाहेरची हवा आत घेत नाही, आतलीच थंड करून परत सोडतो. त्यामुळे अंगाचा वास खोलीतच साठतो, आणि नाकाला काही मिनिटांत त्याची सवय होते. बसल्या जागी हुंगून काहीच कळत नाही. दहा-पंधरा मिनिटं मोकळ्या हवेत जाऊन या आणि परत दार उघडल्यावर पहिल्या श्वासाला काय येतं ते बघा. स्वतःचा अंदाज घ्यायचा तर दिवसभर घातलेला शर्ट पिशवीत बांधून ठेवा, आंघोळ करा, बाहेर फिरून या आणि मग पिशवी उघडा.

काखेतला ताजा घाम फारसा वास मारत नाही. त्वचेवरचे जिवाणू तो फोडतात तेव्हा उग्र वास सुटतो. म्हणूनच वरून सेंट मारून वास जात नाही, उलट दोन्ही मिसळून जास्त त्रास होतो. अँटिपर्स्पिरंट, म्हणजे घामच कमी करणारं रोल-ऑन किंवा क्रीम, रात्री, पूर्ण कोरड्या काखेत लावा. सकाळी घामावर लावलं तर ते घामाबरोबरच वाहून जातं.

धुतलेल्या काखेला वास नाही, पण धुतलेला शर्ट अंगात घातल्यावर अर्ध्या तासात वास येऊ लागतो, तर दोष कापडाचा. पॉलिस्टर अंगातलं तेल धरून ठेवतं. काखेच्या जागेवर मंद गरम इस्त्री फिरवून लगेच हुंगा. वाफेबरोबर वास वर आला तर कपडा नीट स्वच्छ झालेलाच नाही. तो उलटा करून कोमट पाण्यात डिटर्जंट घालून अर्धा तास भिजवा, काख चोळून धुवा. फॅब्रिक कंडिशनर नको, त्याचा थर धाग्यावर बसतो. पावसाळ्यातला कुबट वास वेगळा: कपडे फार वेळ ओले राहिल्याचा. त्यासाठी पुन्हा आंघोळ नको, कपडे पुन्हा धुऊन पंख्याखाली पटकन वाळवा.

आंबूस, चीजसारखा वास टेबलाखालून येत असेल तर बूट-मोजे बघा. बूट आतून वाळायला निदान एक दिवस लागतो, म्हणून दोन जोड आलटून पालटून घाला. तळव्याला बारीक खड्डे दिसले तर तो जिवाणूंचा संसर्ग असू शकतो. त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा, मलमाने बरा होतो.

तोंडाचा वास तळहातावर फुंकर मारून समजत नाही. चमच्याने जिभेचा मागचा भाग हलकेच खरवडा, काही सेकंद थांबा आणि चमचा हुंगा. लसणाचा वास मात्र रक्तातून फुप्फुसांत येतो, ब्रश करून जात नाही.

मधुमेही माणसाच्या श्वासाला पिकल्या फळासारखा गोडसर वास, सोबत उलट्या किंवा धाप असेल तर त्याला ताबडतोब हॉस्पिटलात न्या. आणि जवळच्या दोघा-तिघांनी ‘वास येत नाही’ असं स्पष्ट सांगूनही मनातून शंका जात नसेल, तर तोही खरा आजार असू शकतो. मानसोपचारतज्ज्ञ त्यावर उपचार करतात.

दुसऱ्याला सांगायचं झालं तर एकट्यालाच गाठा आणि माणसाबद्दल नाही, वस्तूबद्दल बोला: “या शर्टाला थोडा वास राहिलाय, बघतोस का?”