जुना इलेक्ट्रॉनिक ऑर्गन फोडताय? या चुका टाळा

सांगली जिल्ह्यातल्या विटा, आटपाडी, खानापूर भागात गलाई म्हणजे काय हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. इथली माणसं सोनं-चांदी गाळायला देशभर पांगली आहेत. मीही तामिळनाडूत बावीस वर्षं मूस आणि चिमटा धरला. आता गावाकडे परतलेली तरुण पोरं इलेक्ट्रॉनिक भंगाराकडे वळली आहेत आणि त्यात अधूनमधून एखादा जुना ऑर्गन, म्हणजे पट्ट्या दाबून वाजवायचं वाद्य, येतो. चांदीवर बसलेला आपला हात नेमका इथेच चुकतो.

सगळ्यात महागडी चूक तर हातोडी उचलण्याआधीच होते. ऑर्गनवर हॅमंड या कंपनीचं नाव दिसलं तर थांबा. त्यांचं बी-३ हे मॉडेल 1954 ते 1974 या काळात बनलं आणि जगभरचे वादक आजही ते शोधत असतात. चालू अवस्थेतल्या वाद्याला जी किंमत येते, तिच्यापुढे आतल्या धातूची किंमत काहीच नाही. बंद पडलेल्याचेसुद्धा सुटे भाग विकले जातात. आधी वाद्यांच्या व्यवहारातल्या माणसाला फोटो पाठवा. कुणीच घेत नसेल, तेव्हाच पेचकस काढा.

व्हॉल्व्हचा, म्हणजे आत काचेच्या नळ्या असलेला जुना ऑर्गन असेल तर प्लग काढला म्हणून निर्धास्त होऊ नका. आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये शेकडो व्होल्ट साठून राहतात. ते योग्य रेझिस्टर लावून उतरवायचे, मीटरवर खात्री करायची आणि मगच हात घालायचा. जुन्या कपॅसिटरमधून तेल झिरपत असेल तर तो न फोडता वेगळा ठेवा, त्यात पीसीबी नावाचं विषारी रसायन असू शकतं (सर्किट बोर्डालाही पीसीबी म्हणतात, ते वेगळं).

आता मुद्द्याचं. बहुतेकांची नजर पिवळ्या चकाकीवर जाते. सर्किट बोर्डाच्या कडेचे सोनेरी पट्टे पाहून आमचा एक पोरगा हरखून गेला होता. मी त्याला कागदावर हिशेब करून दाखवला. मुलामा अर्धा मायक्रॉन जाड धरला तर एका चौरस सेंटिमीटरवर जेमतेम एक मिलिग्रॅम सोनं असतं. एक ग्रॅम जमवायला असे हजार चौरस सेंटिमीटर पट्टे लागतील.

खरा माल वाजवायच्या पट्ट्यांच्या खाली लपलेला असतो, आणि तो पांढरा असतो. बी-३ची एक पट्टी दाबली की खाली विजेचे नऊ बारीक संपर्क (कॉन्टॅक्ट) एकदम नऊ लांब सळ्यांना टेकतात. एका ओळीत 61 पट्ट्या, अशा दोन ओळी, म्हणजे 1098 संपर्क. संपर्काच्या टोकाला केसासारख्या तारेचा इवलासा तुकडा असतो. तो आणि सळी जिथे एकमेकांना भिडतात, तिथे पॅलेडियम हा चांदीसारखा पांढरा, मौल्यवान धातू वापरलेला आहे, कारण ते गंजत नाही आणि वर्षानुवर्षं स्वच्छ संपर्क देतं. नंतरच्या ट्रान्झिस्टर ऑर्गनमध्ये कुठे चांदी, कुठे सोन्याचा मुलामा सापडतो. त्यामुळे प्रत्येक कंपनीचे संपर्क वेगळ्या पुडीत ठेवा. टोकं बारीक कात्रीने कापून घ्या. अख्खी पट्टी भट्टीत टाकली की पितळ, निकेल, कथील सगळं एकत्र कालवलं जातं.

आमच्याकडून काय झालं ते सांगतो. चुलतभावाला ते तुकडे चांदीचेच वाटले. नेहमीसारखे नायट्रिक ॲसिडमध्ये विरघळवले, मिठाचं पाणी घातलं. नासलेल्या दुधासारखी पांढरी चांदी खाली बसली. वरचं पाणी मात्र लालसर तपकिरी राहिलं. "दादा, गंजाचा रंग असंल," असं म्हणून त्याने ते ओतून दिलं. ते पॅलेडियम होतं. चांदीसारखंच तेही नायट्रिकमध्ये विरघळतं, पण मिठाने खाली बसत नाही. आपली सवय तीच, चांदी खाली बसली की वरचं पाणी टाकायचं, आणि त्याच सवयीने किमती भाग ओतून दिला. त्या दिवसाची हळहळ अजून जात नाही.

म्हणून रंगीत पाणी तपासल्याशिवाय टाकू नका. आम्लयुक्त पाण्याच्या थेंबात डायमिथिलग्लायॉक्झाइम हे तपासणीचं रसायन घातल्यावर भडक पिवळा गाळ आला, तर पॅलेडियम आहे असं समजा. तांब्याची पट्टी बुडवली तर चांदी आणि पॅलेडियम दोन्ही तिच्यावर उतरतात.

तुकडा मुशीत वितळतच नसेल तर टंकणखार (वितळायला मदत करणारा खार) वाढवत बसू नका. चांदी 962 अंश सेल्सिअसला वितळते, सोनं 1064 ला, पॅलेडियमला मात्र साधारण 1555 अंश लागतात. आपली नेहमीची भट्टी तिथे पुरत नाही. लोहचुंबक लावून पाहा. चिकटला तर लोखंड किंवा निकेल असणार. चिकटला नाही आणि वितळलाही नाही, तर तो जपून ठेवा.

पांढरा चिकट गाळ होऊन गाळणीतून काही उतरत नसेल तर सोल्डर, म्हणजे जोडाचा डाक, राहिलंय. त्यातलं कथील नायट्रिकमध्ये विरघळत नाही, त्याची खळ होते आणि तिच्यात बारीक सोनं अडकून बसतं. सोल्डर आधीच काढायला हवं होतं.

हे सगळं ॲसिडचं काम परवाना असलेल्या, धूर ओढून घेण्याची सोय असलेल्या जागेचं आहे. परसात, गोठ्याशेजारी, पोराबाळांच्या घरात करूच नका. नायट्रिकचा तांबूस धूर छातीत गेला तर लगेच थोडा खोकला येतो आणि माणूस बरा वाटतो. काही तासांनी फुफ्फुसात पाणी भरू शकतं. धूर लागलेल्या माणसाला बरं वाटत असलं तरी दवाखान्यात न्या, घरी झोपवू नका. बोर्ड आणि वायरीही जाळू नका. ई-कचऱ्याचे 2022 चे नियम 1 एप्रिल 2023 पासून लागू आहेत आणि पुनर्प्रक्रिया करणाऱ्याला केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाची नोंदणी लागते. आपण सुटे करावं, निवडावं, वजन करावं, आणि माल नोंदणी असलेल्याकडे द्यावा.

तिथेही फसगत होते ती टंच, म्हणजे धातूची शुद्धता, काढताना. टंच काढायचं एक्स-रे मशीन फक्त वरचा थर वाचतं. मुलामा दिलेला तुकडा ठेवला की सोन्याचा आकडा भलताच मोठा दिसतो आणि तुकडा घासला की तो खाली येतो. आकडा कापलेल्या टोकांच्या वितळवलेल्या नमुन्यावरच घ्या, कागदावर पॅलेडियमचा रकाना वेगळा लिहून मागा आणि त्याच नमुन्याचा अर्धा तुकडा सही केलेल्या पाकिटात स्वतःकडे ठेवा.