हरणाआधी खारीवर हात बसवा

तिरंदाजीच्या रेंजवर वीस यार्डांवरून एकामागून एक बाण टार्गेटच्या पिवळ्या मध्यात घालणारे इथे मिशिगनमध्ये ढिगाने सापडतात. हरीण समोर आलं की त्यांचीच गाळण उडते. रेंजवर अंतर आधीच ठाऊक असतं, पायाखाली सपाट जमीन असते आणि टार्गेट पळत नाही. खारीच्या मागे लागा, म्हणजे यातलं काहीच मिळत नाही.

आधी कागदपत्रं. जन्म 1960 किंवा त्यानंतरचा असेल तर हंटर सेफ्टीचा कोर्स करावा लागतो, मग बेस लायसन्स, म्हणजे शिकारीचा मूळ परवाना. खार आणि सशाचा सीझन 15 सप्टेंबरला उघडतो. 15 ते 30 नोव्हेंबर हरणाचा बंदुकीचा सीझन असतो, पण नारिंगी टोपी तेवढ्यापुरती नाही, खारीच्या मागे अख्ख्या सीझनभर दिवसा घालायचीच, हाती धनुष्य असलं तरी. (भारतातल्या मंडळींनी यातलं काही करू नये. तिथे 1972 च्या कायद्याने वन्यप्राण्यांच्या शिकारीवर बंदी आहे. मोकळ्या माळावर टेनिस बॉल टाकून सराव करा, तोही उत्तम.)

बाण हरणासाठी वापरता तेच घ्या. टोक बदला, वजन नको: ब्रॉडहेड (हरणासाठीचं धारदार पात्यांचं टोक) 100 ग्रेनचा असेल तर हेही 100 चंच. जमिनीवरच्या सावजाला जुडो पॉइंट नावाचं टोक. त्याच्या चार स्प्रिंगवाल्या तारा गवतात अडकतात, नाहीतर हुकलेला बाण पाचोळ्याखाली सरकून गडप होतो. झाडावर, आभाळाकडे तोंड करून, साधा बाण कधीही सोडायचा नाही. तिथे रुंद पिसांचा फ्लू-फ्लू बाण हवा, तीसेक यार्डांत त्याचा जोर ओसरतो. मी तर खार खाली उतरेपर्यंत थांबतो.

आता पिनची, म्हणजे धनुष्यावरच्या नेम धरायच्या खुणेची गंमत; प्रत्येक अंतराला वेगळी पिन. खार पाच-सहा यार्डांवर आहे म्हणून वीसची पिन लावलीत तर बाण तिच्या पायाखालून जाईल. पिन असते डोळ्याच्या रेषेत आणि बाण तिच्याखाली काही इंच. इतक्या जवळ त्याला वर चढायला वावच मिळत नाही. म्हणून तीस किंवा चाळीसची पिन लागते. तुमच्या धनुष्याला नेमकी कुठली, ते घरी फोमवर 5, 8 आणि 10 यार्डांवरून मारून ठरवा.

दोरी ओढायची ती खारीचं डोकं खोडाआड असताना. ती खोडाभोवती फिरून तुम्हाला चुकवते, पण जोडीदार पलीकडून चालत गेला की आपसूक तुमच्या बाजूला येते. जोडीदार कुठे आहे ते दिसल्याशिवाय मात्र बाण सोडू नका. अख्खी खार बघू नका, डोळ्यामागचा बोटभर ठिपका बघा. पंधरा यार्डांपलीकडे मोह आवरा, जखमी जनावर बिळात जाऊन तडफडतं.

सोलताना हातमोजे घाला, विशेषतः सशाला, कारण त्यातून तुलारेमिया हा जंतूंचा आजार होऊ शकतो. यकृतावर पांढरे ठिपके दिसले तर सरळ टाकून द्या. खारीचं मांस चिवट असतं. कुकरला चार-पाच शिट्ट्या काढा आणि वर कांदा-खोबऱ्याचं वाटण. दाताखाली छर्रा येत नाही, हे बंदूकवाल्या शेजाऱ्याला जेवताना मुद्दाम ऐकवा.